गुडघ्यातला ‘पू’ आणि वहीतल्या रेघा

आईवडील गावी एकटे राहतात आणि त्यांचे गुडघे दुखतात, अशा मुलांनी हे मुद्दाम वाचावं. आम्ही दोघं गोव्यात फोंड्याजवळ राहतो, मुलगा पुण्याला. एका दुपारी आमच्या घरातून लाखाच्या वर रक्कम गेली, आणि नेणाऱ्या भोंदू वैद्यांना मी स्वतः चहा करून दिला होता.

सुरुवात झाली म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. मी पिशवी सावरत, एकेक पायरी बघून उतरत होते. नीटनेटक्या साडीतली एक बाई थांबली. “काकू, गुडघे ना? माझ्या सासूबाईंना देवळाची पायरी चढवत नव्हती.” तिने काही विकलं नाही, पत्रकही दिलं नाही. उलट सासूबाईंना तिथल्या तिथे फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडची म्हातारी रात्रीच्या कळा, जमिनीवरून उठताना होणारी फजिती, सगळं माझंच दुखणं सांगत होती. ‘वैद्य’ घरी येतात, तपासायचे 500 रुपये, बाकी गुण आला तरच, असं ठरलं. हा सगळा डाव त्या फोनवर उभा असतो. जाहिरातीवर आपण संशय घेतो, समदुःखी माणसावर घेत नाही.

दोघं आले. थोरल्याने कोमट पाणी आणि पांढरी बशी मागितली. गुडघा चोळला, ब्लेडने बारीक चिरा दिल्या आणि पितळी नळी लावून तोंडाने ओढायला लागला. प्रत्येक ओढीनंतर बशीत थुंकायचा, वर कसलीशी पूड टाकायचा, की पिवळट गोळा दिसायचा. “बघा आजी, किती पू साचलाय. हाच वात.” धाकटा कोपऱ्यात बसून वहीत रेघा ओढत होता. आम्हाला वाटलं, औषधाचा हिशेब असेल.

शेवटी कळलं की एका रेघेचे 3,000 रुपये. रेघांनी पान भरलं होतं. यजमान भडकले तेव्हा थोरल्याचा आवाजच बदलला. अर्धं विष आत राहिलंय, आता सोडलं तर ते वर चढेल, पाय कापावा लागेल. घासाघीस करून आकडा थोडा खाली आणल्याचं नाटक झालं. घरात एवढे पैसे नाहीत म्हटल्यावर धाकटा यजमानांना गाडीत घालून बँकेत घेऊन गेला. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, एवढी रोख कशाला? “मी भाचा, घराचं काम काढलंय,” हे त्यानेच परस्पर सांगितलं. थोरला तोवर माझ्यासमोर बसून होता. यजमान बँकेत का बोलले नाहीत, असं विचारणाऱ्यांसाठी हे सांगते.

दुसऱ्या दिवशी गुडघा जरा हलका वाटला, हेही खरं. कोमट पाणी, चोळणं, दिवसभर पडून राहणं, एवढ्याने कोणाचाही गुडघा थोडा सैलावतो.

मुलगा आला आणि आम्ही बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात गेलो. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, कूर्चा झिजलीय, हाडांमधली फट कमी झालीय. झिजेच्या संधिवातात पू नसतोच. सांध्यात खरोखर पू झाला तर सांधा लाल, गरम होतो, बहुतेकदा ताप येतो, पाऊल टेकवत नाही, आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठावं लागतं. तसा माणूस बाजारात पिशवी घेऊन फिरत नाही. वरच्या चिरा सांध्यापर्यंत पोचतही नाहीत. मात्र कुणाकुणावर वापरलेल्या ब्लेडने कावीळ ब किंवा धनुर्वात होऊ शकतो. मला मधुमेह, त्यामुळे जखम चिघळण्याची भीती वेगळी.

जाताना त्या दोघा ‘वैद्यां’नी पुड्याही दिल्या होत्या. डॉक्टरांनी त्या घेऊ दिल्या नाहीत. अशा बिननावाच्या पुडीत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. दुखणं झटकन थांबतं, मग साखर वाढते, चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात. कुणी महिनोन्‌महिने घेत असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं, डॉक्टरांना पुडी दाखवूनच काय ते ठरवावं. खऱ्या आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटक, परवाना क्रमांक, बॅच नंबर छापलेला असतो.

मला मिळालेला उपाय अगदी नीरस आहे. मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम, वजन उतरवणं, खाली बसण्याऐवजी खुर्ची, आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट हातात. मी इतके दिवस ती दुखऱ्या बाजूलाच धरत होते. गुण सावकाश येतो, पण बशीत काही दाखवावं लागत नाही.

पोलिसांत तक्रार दिली आहे. फोन नंबर अर्थातच बंद. बँकेच्या कॅमेऱ्यात भाच्याचा चेहरा आला असेल, म्हणून ते चित्रीकरण जपून ठेवण्याचं पत्र मुलाने बँकेला लगेच दिलं. तुमच्याकडे असं घडलं तर हे पहिल्याच दिवशी करा. माणसं अजून घरात असतील तर बाथरूममध्ये जाऊन 112 लावा. बशी, कापूस, पुड्या धुऊ वा फेकू नका. मी बशी घासून ठेवली होती, हवालदार हळहळले.

परवा डिचोलीच्या एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. त्यांना औषधांच्या दुकानाबाहेर एक बाई भेटली होती, फार गोड बोलणारी. या खेपेला गुडघे तिच्या आईचे होते. वैद्य मंगळवारी येणार होता. मी त्यांना मंगळवारपर्यंत न थांबता डिचोली पोलीस ठाण्यात जायला सांगितलं, आणि त्या गेल्या.