पुढचे टायर आणि लोअर आर्म बुश : पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमची डिझेल हॅचबॅक बरीच जुनी. बेळगाव-निपाणी हायवेला ऐंशीच्या पुढे गेलं की स्टेअरिंग थरथरायचं, शंभरच्या वर पुन्हा शांत. पावसाळ्याआधी पुढचे दोन्ही टायर आणि लोअर आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश बदलले. आता सुगी आली, थरथर गेली ती गेलीच.

नव्या पार्टपेक्षा मी तपासणीला जास्त गुण देईन. उद्यमबागेकडच्या मिस्त्रींनी पान्याला हात लावण्याआधी विचारलं, "गाडी कवा थरथरूलाल्या, ते आदी सांगा." ब्रेक दाबताना थरथरली तर संशय डिस्कवर. रेस देताना हादरून पाय काढताच थांबली तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा, आतला जॉइंट. उभ्या गाडीत हादरत असेल तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिनाचे रबरी आधार. आमचं दुखणं ठरावीक वेगाचं, म्हणजे चाकाचं; सीटपेक्षा स्टेअरिंगला जास्त, म्हणजे बहुधा पुढच्या.

बॅलन्सिंग तर नुकतंच झालेलं, मशीनवर शून्य. तरी त्यांनी जॅक लावला आणि टायरजवळ स्क्रू ड्रायव्हर स्थिर धरून चाक हळू फिरवलं. फट एका जागी स्पष्ट कमी होत होती. आतला पट्टा सरकून टायरला उंचवटा आला होता. वजनं लावून भार सारखा होतो, टायर गोल होत नाही. नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून कुणाला शंकाच आली नव्हती. टायरवरची चार अंकी तारीखही बघत चला : 2316 म्हणजे 2016 सालचा 23वा आठवडा.

चाक वर-खाली आणि आडवं हलवून पाहिलं. बेअरिंग आणि टाय रॉड (स्टेअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) घट्ट होते. पहारीने रेटल्यावर मात्र लोअर आर्मच्या मागच्या बुशचं रबर फाटलेलं दिसलं. असा बुश चाकाचा बारीक हादराही आवरत नाही. नवे बुश बसवल्यावर बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी चाकांवर उतरवूनच. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे आपल्या फिटरला आवर्जून सांगा. त्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं.

जांबोटीवरून चोर्ल्याकडे भर पावसात जाणं-येणं झालं. खड्ड्यांतला खडखडाट गेला, ब्रेकला गाडी सरळ थांबते. मध्ये एकदा थरथर परतली, तेव्हा रिमच्या आत लाल चिखल वाळून बसला होता, धुतल्यावर गेली. खानापूरकडच्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांनी वॉशिंगला रिम आतूनही धुवून घ्यावी, आणि बॅलन्सिंग त्यानंतरच करावं.