ईसी-पीएच पेन मीटर : काढणीपूर्वीच्या आठवड्यांतील उपयोग आणि मर्यादा

मातीविना भाजीपाला घेताना पोषकद्रवाची ताकद आणि आम्लता मोजण्यासाठी मी गेले अनेक महिने पेनच्या आकाराचा एक मीटर वापरत आहे. ईसी (द्रवाची ताकद), टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), पीएच (आम्लता) आणि तापमान या चारही गोष्टी तो एकाच टोकाने दाखवतो. रोपे वाढीला लागलेली असतात तेव्हा त्याला फारसे काम नसते. बाटलीवरील प्रमाणानुसार खत घातले आणि टाकीची पातळी राखली, तर आकडा थोडा इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. काढणी जवळ आली की मात्र आपण पोषण जाणूनबुजून कमी-जास्त करतो, आणि ते नेमके किती कमी झाले हे नुसते पाण्याकडे पाहून कळत नाही. मीटरची खरी परीक्षा तेथे होते, म्हणून हा अभिप्राय मुख्यतः त्याच आठवड्यांविषयी आहे.

प्रथम आकड्याविषयी. ईसी म्हणजे द्रावणाची विद्युतवाहकता आणि ती मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटरमध्ये मोजतात. पाण्यात विद्युतभारित क्षार जितके जास्त तितका हा आकडा मोठा. परंतु त्यात नायट्रेट किती, पोटॅशियम किती आणि मुळातल्या जड पाण्याचे क्षार किती, याची फोड मीटर करू शकत नाही. युरिया विरघळवला तर आकडा जवळपास जागचा हलतही नाही, कारण युरियाच्या रेणूवर विद्युतभार नसतो. म्हणून खत घालण्यापूर्वी साध्या पाण्याचा ईसी नोंदवून ठेवावा आणि पुढचे प्रत्येक वाचन त्याच्या तुलनेत पाहावे. टीडीएसच्या पडद्याकडे मी पाहणेच सोडून दिले आहे. तो आकडा स्वतंत्रपणे मोजलेला नसतो, ईसीला एका गुणकाने गुणून काढलेला असतो; काही मीटर ०.५ हा गुणक वापरतात, तर काही ०.७, त्यामुळे १.० ईसीचे तेच पाणी एका मीटरवर ५०० पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग) दिसते आणि दुसऱ्यावर ७००. पोषणाचे वेळापत्रक पीपीएममध्ये दिलेले असेल आणि गुणक सांगितलेला नसेल, तर ते वेळापत्रक बाजूला ठेवलेले बरे.

काढणीपूर्वी खत बंद करून नुसते पाणी देण्याला बरेच जण फ्लशिंग म्हणतात आणि त्यामागे अशी समजूत असते की रोपाच्या आत साठलेले क्षार पाण्याने धुऊन निघतात. तसे होत नाही. पाण्याने धुतले जातात ते कोकोपीटमध्ये (मातीऐवजी वापरलेल्या नारळाच्या भुशात) किंवा टाकीत साचलेले क्षार. ऊतींमध्ये गेलेले अन्नद्रव्य बाहेर येत नाही, ते रोप स्वतः वापरून संपवते, आणि त्यासाठी त्याला उजेड व वेळ लागतो. मीटरवर हा फरक सरळ दिसतो. कुंडीच्या तळातून निथळलेल्या पाण्याचा ईसी काही तासांत खाली येतो, पण पाने तशीच गर्द हिरवी राहतात. आतला नत्राचा साठा उतरल्याची खूण पुढे खालच्या जुन्या पानांवर दिसते, कारण नत्र रोपात फिरता असतो आणि कमी पडला की जुन्या पानांतून काढून नव्या पानांकडे वळवला जातो.

लेट्यूसच्या बाबतीत पोषण उतरवण्याला ठोस कारण आहे. पालेभाज्या नायट्रेट साठवतात. युरोपीय संघाने तर ताज्या लेट्यूससाठी कमाल मर्यादा ठरवल्या आहेत, आणि आच्छादनाखाली वाढवलेल्या पिकाला त्या एप्रिल ते सप्टेंबरच्या काढणीसाठी किलोमागे ४,००० मिलिग्रॅम, तर ऑक्टोबर ते मार्चच्या काढणीसाठी ५,००० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या आहेत. हिवाळ्यातील सवलतीचे कारण प्रकाशात आहे: नायट्रेटचे रूपांतर करणारे विकर उजेडात जोमाने काम करते आणि अंधाऱ्या दिवसांत पानांत साठा वाढतो. माझी पद्धत आता ठरून गेली आहे. शेवटच्या आठवड्यात टाकीत खत घालायचे नाही, पातळी उतरेल तसे साधे पाणी भरायचे आणि १.२ च्या आसपास असलेला ईसी आपसूक उतरू द्यायचा. टाकी एकदम रिकामी करून निव्वळ पाणी भरण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक पटतो, कारण त्यात कॅल्शियमचा पुरवठा अचानक तुटत नाही. कॅल्शियम रोपात फिरत नाही, म्हणून त्याची टंचाई आतल्या कोवळ्या पानांच्या करपलेल्या कडांवर उमटते, आणि गड्डा उघडून पाहिल्याशिवाय ती दिसतही नाही. काढणी दुपार उलटल्यावर, चांगल्या उजेडाच्या दिवशी करण्याचा फायदा खत कमी करण्याइतकाच मोलाचा आहे, असे माझे मत झाले आहे. चवीतला फरक मात्र फार ताणून सांगण्याजोगा नाही. कडवटपणा उष्णतेमुळे आणि रोप तुऱ्यावर येऊ लागल्यामुळे वाढतो, त्यावर फ्लशिंग हा इलाज नव्हे.

टोमॅटोला हाच नियम लावणे चुकीचे ठरते. एकाच वेलावर खालच्या घोसातली फळे पिकत असतात, मधल्या घोसातली फुगत असतात आणि शेंड्याला फुले असतात, तेव्हा काढणीपूर्वीचा असा एकच आठवडा तेथे नसतोच. येथे मीटर मी उलट दिशेने वापरतो: ईसी २.५ वरून हळूहळू ३.५ पर्यंत नेला की मुळांना पाणी ओढणे थोडे जड जाते आणि फळात साखर अधिक घट्ट होते. त्याची किंमतही मोजावी लागते. फळे लहान राहतात, आणि उन्हाच्या दिवसांत क्षार जास्त झाले तर फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही व बुडाशी काळा, चामड्यासारखा चट्टा पडतो. शेंडा खुडून हंगाम आवरता घेतल्यावरही पोटॅशियम चालू ठेवावे लागते, नाहीतर फळ एकसारखे रंगत नाही. नत्र कमी आणि पोटॅशियम जास्त असा बदल केला तरी एकूण ईसी तोच राहू शकतो, त्यामुळे या ठिकाणी मीटर सर्वथैव आंधळा आहे आणि पिशवीवरील घटकांची टक्केवारी वाचण्याला पर्याय नाही.

रोजच्या वाचनातून सर्वाधिक शिकायला मिळते ते आकडा कोणत्या दिशेला सरकतो आहे यावरून. टाकीची पातळी उतरते आणि ईसी चढतो, तेव्हा रोपे अन्नापेक्षा पाणी अधिक पीत असतात व द्रावण सौम्य करणे इष्ट असते; दोन्ही उतरत असतील तर भूक शिल्लक आहे असे समजावे. ही जोडी शेवटच्या आठवड्यांत विशेष उपयोगी पडते, कारण पिकत आलेल्या रोपाची भूक मंदावते आणि जुन्या सवयीने दिलेली मात्रा टाकीत नुसती साचत जाते. पीएचकडेही याच काळात लक्ष असावे. खत थांबवून जड पाणी भरत राहिले की त्यातील बायकार्बोनेट पीएच वर ढकलते, आणि तो ७ च्या पुढे गेला की लोह मुळांना मिळेनासे होऊन शेंड्याची पाने शिरा सोडून पिवळी पडतात. हे पिवळेपण वरच्या पानांवर असते, नत्राचे खालच्या, त्यामुळे पीएचचे वाचन हाताशी असेल तर दोन्हींची गल्लत होत नाही. पीएच ५.५ ते ६.५ च्या दरम्यान ठेवणे पुरेसे आहे. एकाच आकड्यावर खिळवून ठेवण्यासाठी रोज आम्ल ओतण्याची गरज नाही.

आता उपकरणाच्या गुणदोषांविषयी. ईसीची बाजू भरवशाची आहे, १.४१३ च्या प्रमाणित द्रावणात ती इतक्या महिन्यांनंतरही फारशी ढळलेली नाही. वाहकता अंशामागे सुमारे दोन टक्क्यांनी बदलते, आणि मीटर २५ अंश सेल्सिअस धरून ती दुरुस्ती आपोआप करतो. तरी थंड टाकीत टोक बुडवल्यावर पहिले वाचन घाईने लिहून घेऊ नये. टोक हलकेच ढवळले की दोन पट्ट्यांमध्ये अडकलेला हवेचा बारीक बुडबुडा सुटतो आणि आकडा त्याच क्षणी वर उडी घेतो. पीएचची बाजू तितकी समाधानकारक नाही. नवीन असताना काही सेकंदांत स्थिरावणारे वाचन आता बराच वेळ रेंगाळते, ४ आणि ७ च्या बफरमध्ये (ठरावीक पीएचच्या द्रावणात) वारंवार जुळवणी करावी लागते, आणि टोपणातील स्पंज कोरडा पडला की काचेचा गोळा सुस्तावतो. तो पोटॅशियम क्लोराइडच्या साठवण द्रावणातच ओला ठेवावा. डिस्टिल्ड पाण्यात ठेवल्यास इलेक्ट्रोडच्या आतील क्षार झिरपून बाहेर जातात, ही बाब माहितीपत्रकात ठळकपणे असायला हवी होती आणि ती नाही. टोपणही सैल असल्याने आडवा ठेवल्यास साठवण द्रावण गळते व बटणांभोवती पांढरे क्षार जमतात.

टाकी लहान असेल आणि केवळ पालेभाज्या घ्यायच्या असतील, तर साधा ईसी मीटर आणि पीएचसाठी थेंबांची चाचणी एवढ्यावर भागते. टोमॅटो, मिरची यांसारखी लांब हंगामाची फळपिके असतील तर दोन्ही मोजणारा मीटर घ्यावा, पण पीएचचा इलेक्ट्रोड वेगळा बदलता येतो की नाही हे आधी पाहावे. माझ्या मीटरमध्ये तो बदलता येत नाही, त्यामुळे ईसीची बाजू ठणठणीत असूनही लवकरच संपूर्ण उपकरण बदलावे लागणार आहे, आणि केवळ याच कारणासाठी मी त्याला पाचपैकी साडेतीन गुण देत आहे.