राजारामपुरीतील फिजिओथेरपी केंद्र : सीआरपीएसच्या रुग्णांसाठी एक अभिप्राय

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतील एका गल्लीत पहिल्या मजल्यावर असलेल्या या केंद्राविषयी मुद्दाम लिहीत आहे, कारण 'कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम', म्हणजेच सीआरपीएस, हा दुखापतीनंतर वेदना थांबू न देणारा आजार ओळखणारी जागा शोधताना आमची फार दमछाक झाली. आईच्या मोडलेल्या मनगटाचे प्लास्टर निघाले, हाड जुळल्याचे एक्स-रेमध्ये दिसले, तरी हाताची आग थांबेना. पंजा सुजून जांभळट पडला होता आणि पंख्याचा वारासुद्धा तिला सहन होत नव्हता. एका दवाखान्यात तर "मन दुसरीकडे रमवा" एवढेच सांगून तिची बोळवण करण्यात आली.

येथील मॅडमनी हाताला स्पर्श करण्याआधी आजार समजावून सांगितला. मूळ दुखापत भरून आल्यावरही नसा आणि मेंदू वेदनेचे संदेश वाढवत राहतात, त्यातूनच सूज, घाम, त्वचेचा रंग आणि तापमान यांतही बिघाड होतो. कोणत्याही एका रक्ततपासणीने निदान होत नाही, ते लक्षणे तपासून बुडापेस्ट निकषांनुसार, म्हणजे या आजाराच्या लक्षणांच्या ठरावीक यादीनुसार, करतात. अमेरिकी यादवी युद्धातील जखमी सैनिकांच्या अशाच दाहाचे वर्णन डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी १८६४ मध्येच केले होते, हे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे मी सोंग करत नाही, हे आता पटेल ना सगळ्यांना?"

उपचारांत घाई नाही. आधी चित्रांतील डावा-उजवा हात ओळखणे, मग दुखरा हात आरशामागे ठेवून चांगल्या हाताची हालचाल आरशात पाहणे, आणि त्याबरोबर कापूस, सुती पदर, खरखरीत टॉवेल असे स्पर्श चढत्या क्रमाने देत परातीतील तांदळात बोटे फिरवणे, असा क्रम होता. बोटे जबरदस्तीने वाकवली नाहीत, बर्फ लावण्यास स्पष्ट मनाई केली आणि औषधांचा निर्णय वेदनातज्ज्ञांवरच सोपवला, हे मला विशेष आवडले. आईला आता लाटणे धरता येते. भाकरी थापण्याइतका जोर मात्र अजून आलेला नाही.

जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही. त्याहून खटकणारी गोष्ट म्हणजे घरी करायच्या व्यायामांचा कागद केवळ इंग्रजीत मिळतो. कागल, गारगोटीहून एसटीने येणाऱ्या रुग्णांसाठी तो मराठीत करून द्यायलाच हवा. संध्याकाळी गर्दी असल्याने सकाळची वेळ घ्यावी, जुने एक्स-रे आणि औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात, आणि हाताला कापडही सोसत नसेल तर सैल बाह्यांचे कपडे घालून जावे.