दुव्याचे चित्र: समाजमाध्यमावर सोडावे की स्वतः ठरवावे?

कोल्हापुरातील चप्पल लाइनवरच्या एखाद्या दुकानाने संकेतस्थळाचा दुवा व्हॉट्सअ‍ॅप किंवा फेसबुकवर पाठवला, की सोबत कोणते चित्र दिसावे, याचे दोन मार्ग आहेत.

पहिल्या मार्गात काहीच करायचे नसते. समाजमाध्यम पानावरील एखादे चित्र आपणहून उचलते. छायाचित्रे मोजकी असतील तर हे चालून जाते, पण पुष्कळदा कापशी चपलेऐवजी दुकानाचे बोधचिन्ह किंवा भलतीच जाहिरात पुढे येते, आणि कधी चित्रच येत नाही.

दुसऱ्या मार्गात फेसबुकने 2010 मध्ये आणलेल्या ओपन ग्राफ पद्धतीनुसार, म्हणजे दुव्यासोबत काय दिसावे हे पानातच लिहून ठेवण्याच्या पद्धतीनुसार, पानाच्या वाचकाला न दिसणाऱ्या शीर्षभागात (head) ‘ओजी:इमेज’ (og:image) ही खूण लिहून चित्राचा संपूर्ण पत्ता द्यावा लागतो. चित्र साधारण 1200 × 630 पिक्सेलचे असावे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ते पुष्कळदा लहान चौकोनात कापले जात असल्याने चप्पल मधोमध ठेवावी. खूण पानाच्या मूळ एचटीएमएलमध्येच, म्हणजे सर्व्हरकडून येणाऱ्या मजकुरातच हवी, कारण ती पान उघडल्यावर चालणाऱ्या जावास्क्रिप्टने नंतर भरली तर फेसबुकच्या यंत्रणेला दिसत नाही. चित्र बदलले तरी समाजमाध्यमाने साठवलेले जुनेच काही काळ झळकत राहते. अशा वेळी चित्राच्या फाइलचे नाव बदलून खुणेत नवा पत्ता द्यावा आणि शेअरिंग डीबगर या फेसबुकच्या दुवा तपासण्याच्या साधनातून पान पुन्हा वाचून घ्यावे, हे मला अधिक खात्रीचे वाटते.

विक्रीच्या पानांसाठी यांपैकी दुसरा मार्गच घ्यावा. ‘संपर्क’सारख्या पानाला मात्र संपूर्ण संकेतस्थळासाठी ठरवलेले एक सामायिक चित्र पुरते.