कॉकर की कॅव्हेलियर?

भाची इंग्लंडमध्ये राहते, तिला स्पॅनियल जातीचा कुत्रा घ्यायचाय पण त्यातला कॉकर की कॅव्हेलियर हे काही ठरत नाहीये. ब्रीडर लोक दोन्हीला "परफेक्ट फॅमिली डॉग" म्हणतात, ते सोडून द्या.

कॉकर मूळचा शिकारीवरचा, झुडपात घुसून वूडकॉक पक्षी उठवणारा, त्यामुळे नाक सतत जमिनीला आणि एखादा वास लागला की तुमची हाक त्याला ऐकूच येत नाही. रोज तास-दीड तास पळायला मिळालं नाही तर घरातल्या चपला-उशांची वाट लागलीच म्हणून समजा. कॅव्हेलियर मात्र मांडीवरचा, १९२६ च्या क्रफ्ट्स या इंग्लंडमधल्या डॉग शोमध्ये जुन्या चित्रांतल्यासारख्या लांब नाकाच्या कुत्र्यांना २५ पौंडांचं बक्षीस ठेवलं तिथून ही जात पुन्हा उभी राहिली. वजन ५ ते ८ किलो, कॉकर १३-१४ किलोचा.

निगा दोन्हीची लागते, पण कॉकरचे कान फार जड आणि केसाळ, पोहून आला की आतून पुसून कोरडे केलेच पाहिजेत, नाहीतर आंबूस वास, खाज आणि मग इन्फेक्शन.

कॅव्हेलियरची खरी काळजी हृदयाची. मायट्रल व्हॉल्व म्हणजे हृदयातल्या एका झडपेचा आजार, आणि त्याच्या जोडीला कवटी-मणक्याचा आजार, या जातीत इतके आहेत की नॉर्वेच्या सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये तिथलं ब्रीडिंग बेकायदेशीर ठरवलं. आईबापांचे हार्ट स्कॅन आणि डोक्या-मणक्याचे एमआरआय रिपोर्ट दाखवत नसतील तर पिल्लू कितीही गोड असू दे, घेऊ नका.

रोज भरपूर चालणारं, ट्रेनिंगला वेळ देणारं घर असेल तर कॉकर. आजी-आजोबा, छोटा फ्लॅट, दिवसभर कुणीतरी घरात, आणि डॉक्टरच्या खर्चाची तयारी असेल तर कॅव्हेलियर. भाचीला रोज सकाळी पळायला जायची सवय आहे, तिने कॉकरच घ्यावा.