एआयएस की इस्रोचा ट्रान्सपॉन्डर : बोटीवर आधी काय हवं?

ससून डॉक असो, हर्णै असो की मिरकरवाडा, बोटमालकांत हल्ली हा विषय हमखास निघतो. बोटीवर एआयएस (बोटीची ओळख आणि जागा रेडिओवरून सांगणारं यंत्र) असताना सरकार फुकट देतंय तो इस्रोचा ट्रान्सपॉन्डर (उपग्रहामार्फत जागा कळवणारा संच) कशाला घ्यायचा? ज्यांच्याकडे दोन्ही नाही ते विचारतात, एकच घ्यायचं तर कुठलं? आणि या सगळ्याच्या पोटात एक शंका असते, जी सरकारी बैठकीत कुणी उघड बोलत नाही : आपण जाळं कुठे टाकतो ते सरकारला का कळू द्यायचं?

दोन्ही यंत्रं बोटीची जागा सांगतात. पण कुणाला सांगतात, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एआयएस हे व्हीएचएफ रेडिओवर चालतं. बोटीचं नाव, नऊ आकडी एमएमएसआय नंबर (भारतातल्या बोटींचा ४१९ ने सुरू होतो), जागा, वेग आणि दिशा हे सगळं ते सतत मोकळ्या हवेत सोडत राहतं. मूळ हेतू टक्कर टाळण्याचा. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना आणि सगळ्या प्रवासी जहाजांना २००४ अखेरपर्यंत ते सक्तीचं झालं. मासेमारी बोटींवर सहसा बसतो तो ‘क्लास बी’ संच. मोठ्या जहाजावरचा ‘क्लास ए’ साडेबारा वॅटचा, तर आपल्याकडचा साधा क्लास बी दोन वॅटचा. क्लास ए चालत्या जहाजाची जागा दर दोन ते दहा सेकंदांनी सांगतो, आपला अर्ध्या मिनिटाने. बोट दोन नॉटपेक्षा (ताशी दोन सागरी मैलांपेक्षा) हळू असेल तर तीन मिनिटांनी एकदा.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पाण्यात नाही. पंधरा नॉटने येणारं कंटेनर जहाज अर्ध्या मिनिटात सव्वादोनशे मीटरच्या वर पुढे सरकतं आणि तीन मिनिटांत जवळजवळ चौदाशे मीटर. म्हणजे डोल जाळं लावून थांबलेली बोट त्याच्या पडद्यावर दोन निरोपांच्या मधल्या काळात गप्पच असते. त्यात गर्दीच्या पाण्यात पडदा भरून जातो म्हणून क्लास बीच्या खुणा लपवण्याची सोय काही संचांत असते. तरीही मुंबई आणि जेएनपीए (न्हावा-शेवा) बंदरांच्या जहाजमार्गाला आडवं जाणाऱ्या बोटीसाठी एआयएसला पर्याय नाही, कारण जहाजाच्या ब्रिजवरच्या (जिथून जहाज हाकतात तिथल्या) अधिकाऱ्याला थेट दिसणारं एवढं एकच यंत्र तुमच्याकडे असतं. जून २०१७ मध्ये कोचीजवळ पनामाच्या झेंड्याच्या ‘अँबर एल’ने मासेमारी बोटीला धडक दिली, माणसं गेली. जहाज पुढे निघून गेलं होतं, नंतर शोधून धरलं. दोषी कोण हे नंतर ठरवायला माग उपयोगी पडतो. टक्कर व्हायच्या आधी मात्र समोरच्याला तुम्ही दिसायला हवे असता.

सरकारकडे एआयएसची माहिती जाते ती वाटेत उचललेली. २६/११ ला दहशतवादी ‘कुबेर’ ही मासेमारी बोट बळकावून आले आणि कफ परेडच्या मच्छीमार नगरात उतरले. त्यानंतर किनाऱ्याची यंत्रणा झपाट्याने वाढली. दीपस्तंभ महासंचालनालयाने देशभरातल्या ७४ दीपस्तंभांवर एआयएस केंद्रं बसवली, त्यांचं राष्ट्रीय केंद्र मुंबईत आहे. तटरक्षक दलाची रडार साखळी वेगळी. नौदलाचं गुरुग्रामचं केंद्र या सगळ्या माहितीची मोट बांधतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याचं उद्घाटन केलं होतं तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी. वीस मीटरपेक्षा लांब बोटींना एआयएसची सक्ती झाली तीही याच धांदलीत. तुमची बोट त्यात बसत असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही.

आता इस्रोचा ट्रान्सपॉन्डर. त्याची देशव्यापी सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते झाली, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्याच कार्यक्रमात. मत्स्यसंपदा योजनेतून तेरा किनारी राज्यं-केंद्रशासित प्रदेशांत एक लाख बोटींवर तो बसवायचा आहे, खर्च सुमारे ३६० कोटी. हा उपग्रहाशी बोलतो. त्यामुळे किनाऱ्यापासून दूर, जिथे एआयएस किनाऱ्यावरच्या अँटेनाच्या आवाक्याबाहेर जातं, तिथेही हा चालतो. शिवाय बोलणं दोन्ही बाजूंनी होतं. मोबाइलला जोडला की वादळाचा इशारा येतो, मासळी मिळण्याच्या संभाव्य पट्ट्यांची माहिती येते, संकटात छोटा निरोप पाठवता येतो. आंतरराष्ट्रीय सागरी सीमेजवळ गेलात तर सूचना मिळते. डहाणू-पालघरकडचे जे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात, त्यांच्या घरच्यांना या एका सूचनेची किंमत वेगळी सांगायला नको. कराचीच्या तुरुंगात वर्षं काढून आलेली माणसं त्या गावांत आहेत.

मात्र शेजारून जाणाऱ्या जहाजाला हा ट्रान्सपॉन्डर तुम्ही आहात हे सांगत नाही. ‘आता इस्रोचं यंत्र आलं, एआयएस काढून ठेवा’ असा सल्ला कुणी दिलाच तर तो कानाआड करा.

आता त्या न बोललेल्या शंकेकडे. माझं मत स्पष्ट आहे : जागा फुटण्याची भीती असेल तर ती सरकारी ट्रान्सपॉन्डरपेक्षा एआयएसची जास्त बाळगा. एआयएसला कुलूप नाही. रिसीव्हर असलेला कुणीही ते ऐकतो आणि तो माल वेबसाइटवर रोज मांडलेला असतो. जहाजांची एआयएस माहिती इंटरनेटवर टाकणं सुरक्षेला घातक आहे, असं आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने डिसेंबर २००४ मध्येच बजावलं होतं, पण धंदा वाढतच गेला. तीन नॉटने एकाच पट्ट्यात मागे-पुढे गेलेली रेघ पाहून तिथे ट्रॉल ओढला होता हे ओळखायला तांडेल (बोटीचा प्रमुख) असावं लागत नाही. ट्रान्सपॉन्डरची माहिती अशी चव्हाट्यावर येत नाही, ती सरकारी यंत्रणेकडेच जाते.

पण तिथे गेल्यावर तिचं काय होतं, हा प्रश्न रास्त आहे. मोठ्या जहाजांचं बघा. त्यांच्यासाठी एआयएसखेरीज एलआरआयटी नावाची बंदिस्त पद्धत आहे. एरवी दर सहा तासांनी जागा कळवायची आणि ती कोणत्या देशाच्या सरकारला, किनाऱ्यापासून किती अंतरापर्यंत (हजार नॉटिकल मैल) मिळेल हे आंतरराष्ट्रीय करारातच लिहिलेलं. भारताचं त्याचं केंद्र मुंबईत नौवहन महासंचालनालयाकडे आहे. जहाज कंपन्यांना जे लेखी मिळालं, तेवढं नेमकं काही नाखव्याच्या (बोटमालकाच्या) हातात दिलं गेलेलं मी पाहिलेलं नाही. रेकॉर्ड किती दिवस ठेवणार, मत्स्यव्यवसाय खातं दंडासाठी ते वापरणार का, डिझेल परताव्याच्या फायलीशी ते जोडणार का? मच्छीमार सोसायटीने हे पत्र लिहून विचारावं.

दंडाची भीती कुणाला, हेही बघावं लागेल. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत बाहेर पडणारे, मासळी ओढायला एलईडी दिवे लावणारे, परराज्यातून येऊन आपल्या बारा सागरी मैलांच्या हद्दीत घुसणारे ट्रॉलर यांना माग नकोच असणार. राज्याचा १९८१ चा मासेमारी कायदा २०२१ मध्ये कडक झाला तो याच तक्रारींमुळे. बिगरयांत्रिक होडीवाल्याला किंवा डोलकऱ्याला उलट हा माग हवा आहे. अडचण अशी की त्याने तक्रार केली तरी घुसखोर ट्रॉलरची रेघ त्याला कुणी दाखवत नाही. ‘आमची जागा घेता, तर आमच्या तक्रारीला त्याच नोंदीतून उत्तर द्या’ ही मागणी ‘आमची जागा घेऊ नका’पेक्षा जास्त वजनदार आहे.

तिसरं एक यंत्र डब्यात पडलेलं असेल : डीएटी. २०१० पासूनचं, बटण दाबलं की उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला संकटाची हाक जाते. जुन्यात हाक पोचली की नाही हेच कळत नसे, जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या नव्या पिढीत पोच मिळते. ते सतत जागा सांगत नाही, म्हणून या तुलनेत फार बसत नाही, पण चालू असेल तर काढू नका.

तर आधी काय? जहाजमार्ग ओलांडणारी किंवा त्याच्या कडेला जाळं लावणारी बोट असेल, तर वीस मीटरच्या आत असली तरी पदरचे पैसे घालून एआयएस, आणि फुकटचा ट्रान्सपॉन्डर सोबत. खोल पाण्यात पाच-सहा दिवस राहणारी बोट असेल आणि एकच जमत असेल, तर ट्रान्सपॉन्डर. खाडीच्या तोंडाशी सकाळी जाऊन दुपारी परतणाऱ्या होडीला दोन्हीची घाई नाही, भरवशाचा व्हीएचएफ आणि चार्ज केलेला फोन आधी. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर त्यात हवाच.

बोट जुनी विकत घेत असाल तर संचात भरलेलं नाव, नोंदणी क्रमांक आणि एमएमएसआय आधीच्या मालकाचे नाहीत ना, हे पहिल्याच फेरीआधी तपासून बदलून घ्या. नाहीतर तुम्ही बुडत असताना किनाऱ्यावरून फोन त्याच्या घरी जाईल, आणि तो सांगेल की मी तर घरीच आहे.