तलवारीचे उमराव आणि झग्याचे उमराव

सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये उमराव दोन कुळींचे. तलवारीची घराणी पिढ्यान्‌पिढ्या राजासाठी लढलेली. झग्याची, म्हणजे न्यायाधीशाच्या झग्याची, घराणी न्यायालयातलं मोठं पद विकत घेऊन वर आलेली. १६०४ पासून पदाच्या किमतीचा साठावा हिस्सा दरसाल भरला, की ते पद वतनासारखं मुलाकडे जायचं. करमाफी दोघांनाही.

मान मात्र सारखा नव्हता, आणि खरी धग तिथेच आहे. पॅरिसच्या 'पार्लमाँ'त (हे न्यायालय, संसद नव्हे) झगेवाला मुख्य अध्यक्ष ड्यूकांचं (तलवारीच्या उमरावांतल्या सर्वांत वरच्यांचं) मत विचारताना डोक्यावरची टोपी काढत नसे. सँ-सिमों या ड्यूकला ते इतकं झोंबलं की त्याने तो वाद वर्षानुवर्षं सोडला नाही.

माझ्या मते टिकाऊपणात झग्याचं पारडं जड. तलवारवाल्याला मुलाची पलटण उभी करायलाच कर्ज काढावं लागे. झगेवाल्याचं पद अडीअडचणीला विकता यायचं. विचारवंत माँतेस्क्यूच्या घरात दोन्ही परंपरा नांदत होत्या: वडील सैन्यातले, काका बोर्डोच्या न्यायालयात अध्यक्ष. काकांचं पद १७१६ मध्ये त्याच्याकडे आलं. १७२६ मध्ये त्याने ते विकलं आणि १७२८ मध्ये युरोपच्या प्रवासाला निघाला.